हरेश, तुला निघणं छान जमायचं

हरेश, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीत एका ट्रेलरवाल्याशी भांडत होतो. त्यानं गाडी अशी आडवी लावली होती की यार्डातल्या दुसऱ्या कुणाला हलताच येत नव्हतं. फोन माझ्या बायकोचा, शोभाचा होता. "हरेश भावजी गेले," ती म्हणाली. "सकाळी मैदानावरून आले, वनितावहिनींकडे पाणी मागितलं, खुर्चीत बसले आणि गेले." मी फोन खिशात ठेवला. ट्रेलरवाल्याचं तोंड चालूच होतं. तुझ्यापासून आता काय लपवायचं? रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे: घ्या, इथंही ह्यानं छान निघून दाखवलं.

रडू मागाहून आलं, बाईकवर, हेल्मेटच्या आत. हेल्मेटमध्ये माणूस रडला की काच आतून धुरकटते आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. खारघरपाशी मला बाजूला थांबावं लागलं. बाजूनं कंटेनर जात होते आणि मी हेल्मेट काढून, शर्टाच्या बाहीनं काच पुसत, तुला शिव्या देत उभा होतो.

तू कुठं जन्मलास, किती सामने जिंकलेस, ते इतर लोक लिहितील. लिहायला लागलेसुद्धा आहेत. माझ्या ज्या मेहुण्याला फुटबॉलमधलं ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही, त्याच्या स्टेटसलाही तुझा फोटो आहे. मी तुझ्याशी वेगळं बोलणार आहे. आपल्यात मैत्री होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी तुझ्यावर जळायचो हे फक्त तुला ठाऊक होतं, आणि तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस. त्याचाही मला रागच यायचा.

तू बोनकोडे गावचा आगरी. शहर वसवायला शेती गेली तरी मैदान आपल्या बापाचंच आहे अशा चालीनं चालणारा. मी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतला, मार्केटात पाठीवर गोणी वाहणाऱ्या सातारकराचा पोरगा. तू पुढं खेळायचास, मी मागं. गोल तू करायचास, फोटो तुझा यायचा. मी गोल होऊ द्यायचो नाही, आणि न झालेल्या गोलचा फोटो कुणी काढत नाही. सामना संपला की तू घामेजलेला माझ्या गळ्यात हात टाकून म्हणायचास, "संप्या, तू व्हतास म्हनून." ते ऐकायला गोड वाटायचं आणि बोचायचंही. आभार नेहमी जिंकलेला माणूस मानतो ना!

पुढं दोघंही प्रशिक्षक झालो. शहरातल्या त्या एकुलत्या एक व्यावसायिक क्लबनं तुला मुख्य कोच केलं. तू मला सहायक म्हणून मागून घेतलंस. मागून घेतलंस, हा शब्द बघ. मी तिथं कसा गेलो हे सांगताना मला आयुष्यभर तुझं नाव घ्यावं लागणार.

आणि मग तुला काढलं.

ती सकाळ मी विसरणार नाही. तू मैदानात शंकू मांडत होतास, मी दोन गटांचे रंगीत बिब वाटत होतो. संघाचा गोलकीपर फोन हातात घेऊन आला आणि तो तुझ्यापुढं धरला. क्लबच्या पानावर तुझा हसरा फोटो होता, खाली लिहिलं होतं, 'धन्यवाद, कोच!' तुला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी फोन केला नव्हता. तू वाचलंस. फोन त्याला परत दिलास. मग म्हणालास, "चला, दोन गट करा. आज डावीकडून चढाई." मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिलो. तू पूर्ण सराव घेतलास. पोरं पळत होती आणि रडत होती, आणि तू ओरडत होतास, "पास लवकर! पास लवकर दे!"

दुसऱ्या दिवशी तू पत्रकार परिषद मागितलीस. काढलेल्या कोचला कोण परिषद देतं? पण तुला नाही म्हणायला कुणाला जमायचं नाही. क्लबनं मला त्या वेळी सराव घ्यायला लावला होता, म्हणून मी खोलीत नव्हतो. सगळ्यांच्या फोनवर तू एकदमच उगवलास, तेव्हा मी मैदानावरच उभं राहून तुला बघितलं.

निळा शर्ट. इस्त्री केलेला. शेजारी क्लबचे मॅनेजर, तोंड पाडून. घरात आणि माझ्याशी बोलताना तू आगरीत घसरायचास, पण त्या दिवशी बातम्या वाचाव्यात तशी मराठी काढलीस. म्हणालास, "निर्णय क्लबचा आहे आणि तो घ्यायचा त्यांना हक्क आहे. माझ्याकडं दिलेला संघ मी परत करतोय, मोडतोड न करता." लोक हसले. गवत राखणाऱ्या मामांचे आभार मानलेस, जेवण करणाऱ्या बाईंचे मानलेस, ज्या संघाकडून हरल्यामुळं तुला काढलं त्या संघाचंसुद्धा कौतुक केलंस. एका पत्रकारानं विचारलं, "सर, निरोप कसा मिळाला?" "मिळाला," म्हणालास, "एवढं पुरे." आणि शेवटी ते वाक्य: "उद्यापासून संपत बघेल. तो माझ्यापेक्षा चांगला बचाव शिकवतो."

हरेश, ते कौतुक होतं की टोमणा? तुझ्यापेक्षा चांगला कोच, असं नाही म्हणालास. चांगला बचाव. म्हणजे मी अजून मागंच उभा.

त्या दिवशी घरी गेलो तर शोभा तोच व्हिडिओ बघत होती, डोळ्यांत पाणी. "किती शोभून निघाले हो," ती म्हणाली. मला मुख्य कोच केलं होतं त्याच दिवशी. पेढे मी स्वतःच आणले होते. कुणी डबा उघडला नाही.

माझे दिवस तुला माहीत आहेत. घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात स्टेडियममध्ये घोषणा सुरू झाली, "हरेश सर! हरेश सर!" आपण एका गोलनं पुढं होतो, तरी. मी बाकावर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होतो, लावत होतो. तू काढला गेलास त्यानंतर जास्त मोठा झालास. मी जिंकलो तर तू घडवलेला संघ जिंकायचा, हरलो तर मी. अशानं कोण टिकेल? मी टिकलो नाही.

मला वाशीच्या एका हॉटेलात बोलावून काढलं. मॅनेजरसाहेबांनी आधी माझ्यासाठी कोल्ड कॉफी मागवली. ती यायच्या आत माझं काम संपलं होतं. मग ती आली आणि दोघंही तिच्याकडं बघत बसलो. मी प्यायलो नाही, ह्याचा मला आजही थोडा अभिमान आहे.

क्लबच्या गेटवर सामान घ्यायला गेलो तर कॅमेरेवाले होते. आणि मी बोललो. "ह्यांना फुटबॉल नको, फोटो पाहिजेत," म्हणालो. "मला न विचारता खेळाडू आणतात, मला न विचारता बाकावर बसवतात, आणि हरलो की कोच बदलतात. संडासातला बल्बसुद्धा इतक्या वेळा बदलत नाहीत!" ते बल्बचं वाक्य. त्या व्हिडिओवर कुणा पोरांनी गाणं लावलं आणि तो सगळीकडं फिरवला. कळंबोलीच्या यार्डात पहिल्या दिवशी गेलो तेव्हा एका क्लीनरनं मला ओळखलं ते बल्बवरून. तरी मी बोललो त्यातला एक शब्द मी मागं घेत नाही. तेव्हाही घेतला नाही, आज तुझ्यापुढंही घेत नाही.

दुसऱ्या दिवशी तू आलास. वहिनींनी तळलेले बोंबील दिले होते, डबा टेबलावर ठेवून तू समोर बसलास.

"बोललास ते खरं व्हतं," तू म्हणालास.

"मग तू का नाही बोललास? तू तेव्हा बोलला असतास तर मला असं काढायची त्यांची हिंमत झाली नसती. तू गोड बोललास म्हणून त्यांना वाटलं, कोच असाच जातो. काढायचं, वर आभारही घ्यायचे."

तू डब्याचं झाकण उघडलंस. "संप्या, पोरं तितंच हायत ना रे. मी थुंकून निंगालो असतो तर त्या थुंकीत रविवारी त्यांनाच खेलायला उतरायचं व्हतं."

"आणि मी? मी पण तिथंच होतो की. मला कुठं उतरायचं होतं?"

तू डबा माझ्याकडं सरकवलास. बोंबील गार झाले. गार झालेला बोंबील चामड्यासारखा लागतो, तरी आपण दोघांनी खाल्ले, कारण उठून जायचं कुणालाच सुचत नव्हतं.

त्या प्रश्नाचं उत्तर तू मला कधीच दिलं नाहीस. आता देणारही नाहीस.

मग तुला गोव्याच्या क्लबचा फोन आला. मला कुणाचाच आला नाही. गेटवर ओरडणाऱ्या माणसाला कोण नोकरी देतं? तू त्यांना सांगितलंस, संपतला घेत असाल तर येतो. ते तयारही झाले. हे तू मला किती साधेपणानं सांगितलंस, जणू भाजी आणताना माझ्यासाठीही एक जुडी घेतलीस. मी म्हणालो, "परत तुझ्या हाताखाली नाही." तू म्हणालास, "हाताखाली कोन बोल्ला? बाजूला." मी नाहीच म्हणालो. तू एकटा गेलास.

तिथंही पुढच्या मोसमात तुला काढलं. मला कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी ताठ होऊन बसलो. म्हटलं, आता बघू. दोनदा काढलेला माणूस किती गोड बोलतो ते बघू. आणि तू काय केलंस? कोकणीत बोललास! तुला येत नसलेल्या कोकणीत, चुका करत, मध्येच हसत, देव बरें करूं म्हणत तिथल्या लोकांचे आभार मानलेस. त्या चुकांसकट ते गोव्यात घराघरांत पोचलं. मी मोबाईल उलटा ठेवला आणि शोभाला म्हणालो, "हा माणूस मुद्दाम नोकऱ्या घालवतो. निरोप द्यायला मिळावा म्हणून."

तू परत आलास. बोनकोड्याच्या मैदानावर सकाळी गावातल्या मुलांना शिकवायला लागलास. मी चुलतभावाच्या यार्डात ट्रेलर लावायला लागलो. आणि आपले रविवार सुरू झाले. लोक दुपारी सामने बघतात. आपण तुझ्या गच्चीवर, शेजारच्या टॉवरची सावली येईल तिकडं खुर्च्या सरकवत, जगभरच्या काढलेल्या कोचेसचे शेवटचे व्हिडिओ बघायचो. असला छंद दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही. एक जण गेटवर एकेका माणसाशी हात मिळवत गेला आणि वॉचमनला रडवून गेला; तो तुझा आवडता. एक जण गाडीची काच वर करून एक अक्षर न बोलता गेला, तो माझा. एकानं व्हिडिओऐवजी नुसती पोस्ट टाकून, काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत आभार मानले होते, वकिलानं लिहून दिल्यासारखे. तो दोघांनाही आवडला नाही. एक म्हणाला, आता घरच्यांना वेळ देणार. तू खोखो हसलास. "घरच्यांना विचारलंय का ह्यानी?"

तू मध्येच व्हिडिओ थांबवायचास आणि म्हणायचास, "तोंड नको बघू. हात बघ." आणि खरंच, तोंड हसत असायचं आणि हात टेबलावरचा कागद चुरगळत असायचे.

मला काम नव्हतं, मान नव्हता, त्या काळात मला रविवार होता. तो तू दिलास. जळणाऱ्याला जवळ बसवून घेणं सोपं नसतं. तू माझ्या तोंडाला तोंड देत नव्हतास, मला टाकूनही देत नव्हतास. कधी कधी वाटायचं, हे सगळं ओळखून हा मला सांभाळतोय. मग आणखी जळायचो.

आपला शेवटचा रविवारही भांडणाचाच. परदेशातला कुणी कोच पत्रकार परिषदेत बसून रडत होता. मी म्हणालो, "नाटक."

"रडला तर नाटक, हसला तर नाटक. आन् वरडला तर खरा?" तू विचारलंस.

"हो."

"मंग मी नाटकी?"

मी बाईकची चावी उचलली. "जातो, यार्डात गाड्या यायच्यात," म्हणालो. रविवारी यार्डात गाड्या येत नाहीत हे तुला ठाऊक होतं. तू म्हणालास, "सावकाश जा." तेवढंच. त्यानंतर तू मला दिसलास तो फुलांखाली.

दहाव्यानंतर मी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. मला त्यांना एकच विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं हे कळत नव्हतं. शेवटी विचारलंच. "वहिनी, क्लबनं काढलं त्या दिवशी तो घरी येऊन काय म्हणाला?" मला ऐकायचं होतं की तू ताट भिरकावलंस, दार आपटलंस, क्लबच्या सात पिढ्या उद्धारल्यास. माझं नाव घेऊन दोन शिव्या घातल्यास असं ऐकलं असतं तर मी तुझ्या फोटोला हारच घातला असता.

वहिनी म्हणाल्या, "काय नाय बोल्ला. जेवला, झोपला."

बघा, झोपला! मला काढलं तेव्हा मी कितीतरी दिवस नुसता कूस बदलत होतो. मी फोन काढला, तुझी ती परिषद लावली. तू गेल्यापासून मी ती पुन्हा पुन्हा बघत होतो आणि तू शिकवलंस तसं तोंड सोडून हातच बघत होतो. उजवा टेबलावर, शांत. डावा दिसतच नव्हता. मी व्हिडिओ थांबवून वहिनींपुढं धरला. "ह्याचा हा हात कुठं आहे, वहिनी?"

त्यांनी फोन हातात घेतला. तुझ्या तोंडावरून बोट फिरवलं, त्यानं व्हिडिओ परत चालू झाला आणि तू बोलायला लागलास. गवतवाल्या मामांपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.

"तो हात माझ्याकरं व्हता," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तिथं होतात?"

"बाजूच्या खुर्चीवर. कॅमेरान नाय आले. मना सकाली बोल्ला, तू चल. काय बोलू नको, निस्ती बस. मंग टेबलाच्या खाली माझा हात धरलान." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "वरती असा गोर गोर बोलत व्हता, आन् खाली हात आवलत व्हता. माझी बांगरी फुटली, भावजी. काच गेली मनगटान. त्याला समजलाच नाय. मी पन वरडले नाय. भायेर जिन्यान आल्यावर रगत बघलान, आन् तितंच खाली बसला. लय रडला. लोकां येत जात व्हती, तरी रडला."

मनगटावर आतल्या बाजूला बारीक पांढरी रेघ होती. त्यांनी ती मला दाखवली नाही. मी बघितली.

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं, नाही का? तुझ्यातली फट मी इतकी वर्षं शोधत होतो. सापडली, आणि माझी अवस्था आणखी वाईट झाली. मला काढलं त्या दिवशी मी गेटकडं निघालो तेव्हा शोभा चप्पल घालून दारात उभी होती. "मी येते," म्हणाली. मी म्हणालो, "तू कशाला?" मला वाटत होतं, बायकोला घेऊन जाणारा कोच हरलेला दिसतो. तुझ्या शांतपणावर मी जळत होतो, हरेश, आणि तो शांतपणा नव्हताच. तिथं एक हात होता. मी उगाच भलत्याच गोष्टीवर जळत आलो. आता बरोबर गोष्टीवर जळतोय.

निघताना वहिनींना ते बचावाचं वाक्यही विचारलं. कौतुक होतं की टोमणा? त्यांनी विचार केला. "मना फुटबॉलमधला कलला असता तर," म्हणाल्या, "तुमा दोघांला कवाच गप केला असता."

त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांचा फोन आला. घरच्या मैदानावरच्या सामन्याआधी तुला श्रद्धांजली देणार, वहिनींना मैदानात बोलावणार, आणि मी दोन शब्द बोलावेत. "पॉझिटिव्ह ठेवा, सर," ते म्हणाले. बल्ब त्यांना आठवत होता. पहिला विचार मनात आला तो सांगू? मी मेलो तर हे लोक खेळ थांबवतील का?

मी वहिनींना विचारलं, "बोलू का? खरं काय झालं ते सांगितलं तर चालेल? त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही."

"त्यानी नाय सांगला," त्या म्हणाल्या. "पन तुमी सांगू नका, असाबी मना कदी बोल्ला नाय. फकस्त त्याच्यासाठी बोला, भावजी. तुमच्यासाठी नको."

घरी आलो आणि शोभाला म्हणालो, "शनिवारी माझ्याबरोबर चल." ती कपाट लावत होती. तिनं वळून बघितलं. "कुठं?" "मैदानात. नुसती उभी राहा." कपाटाचं दार बराच वेळ उघडंच राहिलं.

स्टेडियमच्या गेटवर तुझं भलं मोठं पोस्टर होतं. खाली लिहिलं होतं, 'हरेश सर, तुम्ही क्लब सोडलात, पण क्लबनं तुम्हाला कधीच सोडलं नाही.' वहिनींनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. "सोरला नाय?" त्या एवढंच म्हणाल्या आणि आत चालू लागल्या.

माझ्या हातात माइक आला तेव्हा मला सगळं सांगायचं होतं. कॉफी, बल्ब, न विचारता आणलेले खेळाडू, माझी सगळी यादी ओठांवर होती. डावीकडं शोभा होती, तिच्या पलीकडं वहिनी. मी शोभाचा हात धरला. टेबल नव्हतं, सगळ्या स्टेडियमला दिसलं. दिसू दे म्हटलं.

मी म्हणालो, "हरेशनं हा क्लब सोडला नव्हता. त्याला काढलं होतं. ते त्याला ह्याच मैदानावर, एका खेळाडूच्या फोनवर वाचून कळलं. त्यानं फोन परत दिला आणि त्या दिवशीचा सराव पूर्ण घेतला, कारण सराव पोरांचा होता. मग इथून तो गोड बोलून गेला. नंतर मलाही काढलं, आणि मी काय बोललो ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय." लोक हसले. मला वाईट वाटलं नाही, हे मला नवीन होतं. "तो गोड बोलला, मी कडू बोललो. दुखलं दोघांनाही सारखंच. ह्यापुढं ज्याला काढाल त्याला आधी समोर बसवून सांगा. एवढं केलंत तर हरेशला श्रद्धांजली पोचेल."

पहिली टाळी मैदानातून आली, गोलकीपरची, हातमोज्यांची, ढब ढब अशी. मग बाकीचा संघ. मग गॅलरी उठली. टाळ्या तुझ्या होत्या, मला त्याबद्दल जराही गैरसमज नाही.

बाहेर येताना मॅनेजरसाहेबांनी मला गाठलं. "सर, हे ठरलं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो. "सामन्यासाठी शुभेच्छा. पोरं छान दिसतायत." आणि खरंच छान दिसत होती. शोभानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कोकणीत बोललो. "हे कुठून शिकलात?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं.

आम्ही तिघं गॅलरीत बसून पूर्ण सामना बघितला. तुझा संघ, माझा संघ, आता तिसऱ्याच कुणाचा संघ. डावीकडून चढाई चांगली करत होते, पण मागं जागा सोडत होते आणि मला बसवत नव्हतं. मी दोनदा उठून ओरडलो. "खाली बसा," शोभा म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "वरडू दे. दुसरा कोन सांगनार त्यांला?"

आणि तिथं, सामना चालू असताना, मला ते कळलं जे मी तुला कधी बोललो नसतो, तू समोर असतास तर मुळीच नाही. तुझ्या गोलांवर जळलो, तुझ्या निळ्या शर्टावर जळलो, लोकांनी घेतलेल्या तुझ्या नावावर जळलो, वहिनींच्या त्या रेघेवर जळलो. ते सगळं एकीकडं. तू निघालास तेव्हा तुझ्या मागं खरं बोलायला माणूस होता. तुझ्याबरोबर खेळलेला, तुझ्या हाताखाली राबलेला, तुझ्याशी भांडलेला, तुला आतून बाहेरून ओळखणारा. तुझ्या वेळी तुला मी मिळालो, हरेश. माझ्या वेळी मला तू नसशील.

ह्यावर जेवढा जळतो ना, तेवढा कशावरच जळलो नव्हतो.